नकाशेवाल्यांच्या हरवलेल्या फाइली

३ नोव्हेंबर, सोमवार

आईने आज स्पष्टच सांगितलं, "ऑफिसचं सगळं मला ऐकवत बसू नकोस. माझ्या मालिकेत कोण कुणाला काय बोललं तेच कळत नाही. वहीत लिही." म्हणून ही वही. बघू किती टिकते. मी सुरू केलेला व्यायाम आठवडाभरसुद्धा टिकला नव्हता.

तर, मालकांनी आज खाली बोलावलं. खाली म्हणजे तळमजल्यावर. माझी खोली पाचव्यावर. आमची कंपनी गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करते आणि आमची स्वतःची लिफ्ट उन्हाळ्यापासून बंद आहे, कारण सगळे मेकॅनिक गिऱ्हाइकांकडे असतात. मालक तळमजल्यावरच बसतात, त्यामुळे त्यांना ही गोष्ट आठवायचं काही कारण नाही.

"बाई," ते म्हणाले, "मागच्या महिन्यासारखं पुन्हा झालं तर मला दुकान गुंडाळावं लागेल."

मागच्या महिन्यात माझ्या खोलीतली डिस्क बसली आणि आठवड्याभराच्या तक्रारी घेऊन गेली. कुठल्या इमारतीतली लिफ्ट अडकलीय तेच कळेना. एका इमारतीत तीन मेकॅनिक एकापाठोपाठ एक जाऊन आले, तिथला रखवालदार म्हणाला, आता तुम्ही इथेच राहायला या. दुसऱ्या इमारतीत कुणीच गेलं नाही. तिथले एक आजोबा खिडकीतून दोरीला पिशवी बांधून भाजी वर घेत होते म्हणे. बॅकअप नव्हता असं नाही. जुनं सॉफ्टवेअर रोज 'सगळं ठीक' म्हणून हिरवा दिवा दाखवत होतं. उघडून पाहिलं तर आत काही नाही. त्यातून एखादी फाइल परत आणून बघावी हे कधी कुणाला सुचलंच नव्हतं, मलाही नाही.

"महिनाअखेरपर्यंत नवं सॉफ्टवेअर घ्या, लायसन्स घ्या, मला चालवून दाखवा," मालक म्हणाले. "नाही जमलं तर तसं सांगा. एक बाहेरची कंपनी सगळे कॉम्प्युटर सांभाळायला तयार आहे. मग पाचव्या मजल्याचा प्रश्नच मिटला."

पाचवा मजला म्हणजे मी! मिटला म्हणे! मी "हो" म्हणून वर आले आणि दार लावून बसले. माझ्या वयाची बाई नवीन नोकरी मागायला गेली तर लोक तिला पाणी देतात, खुर्ची देतात आणि शेवटी वाट दाखवतात. शिवाय खरं सांगायचं तर मला ती खोली आवडते. गार असते, सर्व्हर घुंई घुंई करत असतात, कुणी येत नाही. आज मात्र पाचावर धारण बसली.

५ नोव्हेंबर, बुधवार

आईला जेवताना समजावत होते. आमच्याकडे कुणाच्या टेबलावर खरा कॉम्प्युटर नाहीच. नुसता पडदा, कीबोर्ड आणि साबणाच्या वडीएवढा डबा. खरे कॉम्प्युटर माझ्या खोलीत, सर्व्हरच्या पोटात. सकाळी माणूस आला की सर्व्हर त्याला एक कोरा डेस्कटॉप तयार करून देतो. संध्याकाळी माणूस गेला की तो डेस्कटॉप पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा. ज्याने फाइली सर्व्हरवरच्या आपल्या फोल्डरमध्ये ठेवल्या, त्याच्याच वाचतात.

"लॉजची खोली," आई म्हणाली. "सामान राहिलं तर जबाबदारी गिऱ्हाइकाची."

हे मी सगळ्या ऑफिसला वर्षानुवर्षं सांगतेय आणि आईला एका घासात कळलं!

आज लायसन्स विकणाऱ्या बाईंशी बोलले. आवाज इतका गोड की दोन वाक्यांत आपण तिचे ऋणी होतो. तिने सांगितलं, लायसन्स दोन तऱ्हेचं मिळतं. एक मशीनगणिक, एक माणसागणिक. कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा. महिनाभर चाचणीचं लायसन्स फुकट, त्याला मर्यादा नाही, हवं तेवढं वापरा.

मी मशीनगणिक सांगितलं. विचारसुद्धा केला नाही. मशीन रजेवर जात नाही, मशीनचा पासवर्ड बदलून विसरत नाही, मशीनला मूड नसतो. तिने विचारलं, "नक्की ना मॅडम? काही लोक दुसरं घेतात." मी म्हटलं, मला मशीन कळतं.

मग सॉफ्टवेअर चढवलं आणि 'सगळी मशिनं सांभाळा' या चौकोनात ठासून खूण केली. एकही सुटायला नको.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मजा आली. तळमजल्यावरचे नकाशेवाले वर आले. लिफ्टसाठी भिंतीत केवढा खड्डा हवा, दार कुठे, तारा कुठून, याचे नकाशे काढतात ते. पन्नाशीचा माणूस, एकटा राहतो, फार बोलत नाही, आणि सगळं काम पडद्यावर होत असूनही खिशात टोक केलेली पेन्सिल ठेवतो. इतक्या वर्षांत आमच्यात 'नमस्कार' आणि 'प्रिंटर बंद आहे' एवढंच बोलणं झालेलं.

आले ते धापा टाकत. गुडघ्याला पट्टा. म्हणाले, "मॅडम, माझ्या हातून एका नकाशावर दुसरा नकाशा सेव्ह झाला. उद्या गवंड्याला द्यायचाय."

चेहरा अगदी उतरलेला. मी म्हटलं, बसा. नवं सॉफ्टवेअर चढवून दोनच दिवस झालेले, त्यातून काही परत येतं का कुणाला ठाऊक. शोधलं, कालची प्रत दिसली, दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग टुणकन नकाशा पडद्यावर!

मी चक्क टाळी वाजवली. "आली! बघा, आली!" असं ओरडले. नंतर लाज वाटली. ते पडद्याकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत होते, वेड लागलंय की काय बाईला असं वाटलं असणार. जाताना दारात थांबून म्हणाले, "पुन्हा काही हरवलं तर येऊ का?"

मी म्हटलं, त्यासाठीच तर आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हे 'त्यासाठीच तर आहे' मी कशाला म्हटलं? काल नकाशेवाल्यांचं एक पत्र हरवलं. आज सगळा फोल्डर हरवला. एवढा नीटनेटका माणूस, पेन्सिलीला टोक करताना खाली कागद धरतो, आणि फाइलींच्या बाबतीत हा गलथानपणा!

फोल्डर परत आणायला वेळ लागला, कारण आतल्या दोन फाइली आजच्या होत्या आणि बाकीच्या जुन्या. मी चुकून सगळ्याच जुन्या आणल्या, मग परत पहिल्यापासून. ते शांतपणे बसून होते. म्हणाले, "घाई नाही." तुम्हाला नसेल, मला आहे! पण शिकले मात्र, वेगवेगळ्या दिवशीच्या फाइली कशा वेचायच्या ते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज दाराच्या चौकटीचा नकाशा. काल कुंडीतल्या झाडाचा फोटो. फोटो कशाला ठेवलाय कंपनीच्या सर्व्हरवर, विचारलं. म्हणाले, "माझ्या खिडकीतलं आहे. फूल आलं होतं." बरं, मग? फूल छान होतं, ते सोडा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आईशी बोलणं:

"आज काय हरवलं त्याचं?"

"कुणाचं?"

"त्याचंच, नकाशेवाल्याचं."

"लिफ्टच्या बटणांची यादी. आई, माणूस हुशार आहे गं, पण विसरभोळा. फोन केला तरी मी वरूनच फाइल पाठवू शकते. तर म्हणतो, फोनवर नीट सांगता येत नाही."

"कितवा मजला तुझा?"

"पाचवा."

"लिफ्ट बंद?"

"बंद."

"आणि त्याचा गुडघा?"

"पट्टा बांधतो."

"हं," आई म्हणाली आणि मालिकेचा आवाज वाढवला. आईच्या 'हं'चा अर्थ लावायचा मी प्रयत्न सोडून दिलाय. मला वाटतं तिला गुडघ्याची काळजी वाटत असावी, तिचाही दुखतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज माझं डोकं सणकलं. नकाशेवाल्यांची 'इतर' नावाची फाइल गेली होती. मी चहा बाजूला ठेवून शोधली, आणली, उघडली. कोरी! आत एक अक्षर नाही!

"अहो, रिकामी फाइल परत आणायला पाच मजले चढून आलात?"

ते जरा गोंधळले, पेन्सिल काढून पुन्हा खिशात ठेवली. मग म्हणाले, "रिकामी असली तरी माझी आहे."

मी हात टेकले. हसूही आलं, पण दाखवलं नाही. माझा चहा गार झाला होता, तर ते खाली जाऊन नवा घेऊन आले. पुन्हा पाच मजले! म्हणजे विसरभोळा असला तरी मनाने वाईट नाही.

मालकांनी आज लायसन्सच्या खरेदीवर सही केली. जेवढी टेबलं तेवढी लायसन्स, एकही जास्त नको म्हणाले. मी म्हटलं, जास्त लागायचं कारणच नाही. येत्या गुरुवारी दुपारी दाखवायचंय. बाहेरच्या कंपनीचा माणूसही येणार म्हणे, 'तुलनेसाठी'. मला झोपच लागायची नाही आता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

खरं लायसन्स बसवलं. सगळ्या टेबलांचे डेस्कटॉप एकापाठोपाठ एक हिरवे झाले, लायसन्सच्या जागा बरोब्बर पुरल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. जीव भांड्यात पडला. नकाशेवाल्यांची आज एक ओळ हरवली होती, नकाशाखालच्या टिपेतली. एक ओळ! आणून दिली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मेले मी.

सकाळी लोकांनी लॉगिन केलं आणि एकामागून एक सगळं लाल. 'लायसन्स शिल्लक नाही.' एकाही माणसाचा बॅकअप नाही. मी बंद करून चालू केलं, शिव्या घातल्या, पुन्हा बंद करून चालू केलं. तेच. काल पुरल्या आणि आज एकही जागा नाही? रातोरात माणसं वाढली की काय?

गोड आवाजाला फोन लावला. "मॅडम, तुमची सगळी लायसन्स वापरली गेली आहेत. अजून घ्यायची का? आत्ता मोठा गठ्ठा घेतलात तर सवलत आहे." जखमेवर मीठ, तेही साखरेत घोळून.

मालकांकडे कुठल्या तोंडाने जाऊ? गेल्या आठवड्यातच छातीठोकपणे सांगितलं, जास्त लागणार नाहीत. जाऊन अजून मागितली तर ते म्हणणार, बाई, तुम्हाला हिशेब जमत नाही, बोलवा बाहेरच्यांना. नाही मागितली तर गुरुवारी सगळ्यांसमोर लाल दिवे. दोन्हीकडून पाचवा मजला रिकामा.

नकाशेवाले नेहमीच्या वेळी आले. मी त्यांना दारातच सांगून टाकलं, "आज कृपा करून काही हरवू नका. आज गेलेलं मला परत आणता यायचं नाही." आवाज चढला होता माझा, नंतर वाईट वाटलं. ते तसेच खाली गेले.

घरी आले तर जेवण जाईना. आई म्हणाली, "नोकरी गेली तर घरी बस. मी मालिका समजावून सांगीन." मग आम्ही दोघी हसलो आणि मग मी थोडी रडले. लिहायला लाज वाटतेय, पण रडले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज आधी सगळं लिहून काढते, मग जेवते.

सकाळी पुन्हा लाल. मी कपाळाला हात लावून बसलेली. नकाशेवाले आले, हातात दोन चहा. नेमकं आज त्यांचं काहीच हरवलं नव्हतं. नशीबच म्हणायचं.

"काय बिघडलंय?" म्हणाले.

मी सांगितलं. जेवढी टेबलं तेवढ्या जागा, परवापर्यंत ठीक, आणि आता म्हणतं जागा नाही. ते चहा पीत ऐकत राहिले. मग लिफ्टच्या माणसाने विचारावा तसाच प्रश्न विचारला.

"आम्ही लिफ्टमध्ये पाटी लावतो, 'आठ माणसं'. म्हणजे एका वेळी आठ. माणसं उतरली की जागा रिकामी. तुमची माणसं उतरतात ना?"

"उतरतात म्हणजे काय, संध्याकाळी डेस्कटॉप पुसलेच जातात…"

आणि तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. पुसले जातात! दुसऱ्या दिवशी सकाळी नवे येतात, नव्या नावाने! सॉफ्टवेअरच्या लेखी सोमवारचा डेस्कटॉप एक मशीन, मंगळवारचा डेस्कटॉप दुसरं मशीन. सोमवारचे सगळे संध्याकाळीच मेले, पण कुणी सांगितलंच नाही त्यांना की उतरा. ते आपले जागा धरून बसलेत आणि जिवंत माणसं दाराबाहेर उभी! चाचणीच्या लायसन्सला मर्यादाच नव्हती, म्हणून एवढे दिवस हा घोळ दिसला नाही. आणि तो चौकोन ठासून भरला कुणी? मीच!

"माझी लिफ्ट मेलेल्यांनी भरलीय हो!" मी म्हटलं. ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. एक दात जरा वाकडा आहे.

मग मी कामाला लागले. रोज मरणाऱ्या डेस्कटॉपचा बॅकअप घ्यायचाच कशाला? ज्या साच्यातून ते रोज निघतात तो एक साचा सांभाळायचा आणि माणसांचे फोल्डर सांभाळायचे. मशीन मोजायचीच नाहीत, माणसं मोजायची.

गोड आवाजाला फोन केला. म्हटलं, मला मशीनगणिक नको, माणसागणिक करून द्या आणि मेलेल्या जागा सोडवून द्या.

"मॅडम, बदलाला मंजुरी लागते. त्यापेक्षा गठ्ठा घेतलात तर आत्ता लगेच…"

"गठ्ठा घेतला तर उद्या तोही मरेल. परवा अजून एक घ्यावा लागेल. तुम्ही मला रोज सकाळी स्मशानाची जागा विकणार का?"

मग गोड आवाज हसायलाच लागला, अगदी साध्या, घरच्या आवाजात. म्हणाली, "खरं सांगू का, अशी चूक पुष्कळजण करतात. पण फोन करून भांडत नाहीत, मुकाट्याने अजून विकत घेतात. थांबा, मी स्वतः वर जाऊन मंजुरी आणते."

आणि आणली! संध्याकाळी बसवलं. सगळे फोल्डर हिरवे. एवढं होईपर्यंत नकाशेवाले बसून होते. मी म्हटलं, तुमचं काम नाही का? तर म्हणाले, नकाशे कुठे पळून जात नाहीत. उद्या त्यांनाही बोलावलंय मालकांनी, 'वापरणाऱ्यांपैकी एक' म्हणून.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

झालं! आता क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम सांडेल.

दाखवायचं माझ्याच खोलीत होतं, म्हणजे मालकांना पाच मजले चढणं भाग. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. तिसऱ्या मजल्यावर ते पायरीवरच बसले आणि म्हणाले, "ही लिफ्ट कधीपासून बंद आहे?" बाहेरच्या कंपनीचा टायवाला मागून येत होता, त्याची टाय दुसऱ्या मजल्यावरच सैल झाली होती.

वर आल्यावर पाणी वगैरे झालं. मी पडदा दाखवला, हिरवे दिवे दाखवले. टायवाला बोलायला गोड, पण सुरी आत. म्हणाला, "छान आहे. पण हिरवे दिवे मागच्या सॉफ्टवेअरमध्येही होते, बरोबर ना? बॅकअप घेणं सोपं असतं, बाई. यातून खरोखर काही परत आणून बघितलंय का कधी?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. नेमकं तेच दुखणं. मी तोंड उघडणार एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"माझ्या फाइली," नकाशेवाले म्हणाले. "रोज."

"रोज?" मालक म्हणाले. "तुमच्या फाइली रोज हरवतात? तुम्ही? तुमच्या टेबलावरचा खोडरबरसुद्धा जागचा हलत नाही! तुम्ही एवढे गलथान कधीपासून झालात?"

"या महिन्यापासून," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

मालक आधी त्यांच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि मग असे खो खो हसले की त्यांना पुन्हा पाणी द्यावं लागलं. टायवालासुद्धा छताकडे बघून हसू दाबत होता. मला काही विनोद कळला नाही.

"बरं बरं," मालक डोळे पुसत म्हणाले. "आता माझ्यासमोर एक आणून दाखवा." आणि त्यांनी टायवाल्यालाच सांगितलं, तुम्ही निवडा, तुम्ही पुसा. त्याने मुद्दाम अवघड निवडलं. तक्रारींचा फोल्डर, सकाळी बदललेला, आणि तो परत हवा पण दुपारी आलेली नवी तक्रार तशीच राहायला हवी.

आश्चर्य म्हणजे मला अवघड काहीच वाटलं नाही. फोल्डर? केलाय. जुनं-नवं वेचून? केलंय. एक ओळ? तीही केलीय. चहा प्यायला जितका वेळ लागतो तितकाही लागला नाही. टुणकन सगळं परत आलं. मी टाळी वाजवली नाही, पण कोपऱ्यातून एक हलकी टाळी ऐकू आली.

टायवाल्याने टाय सारखी केली आणि म्हणाला, "आमच्याकडे रोज परत आणून बघणारं कुणी नाही." प्रामाणिक माणूस निघाला. मालक म्हणाले, "पाचवा मजला राहू द्या, बाई." आणि उतरताना पहिल्याच पायरीवरून मेकॅनिकला फोन लावला.

नोकरी राहिली! खोली राहिली! मी दार लावून सर्व्हरला हात जोडले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मालिका बंद करून ऐकलं तिने. मी म्हटलं, "आई, आता माझ्या लक्षात आलं. नकाशेवाले विसरभोळे नव्हतेच! ते मुद्दाम फाइली पुसत होते. बॅकअपची चाचणी घेत होते, कंपनीच्या काळजीपोटी. केवढा जबाबदार माणूस!"

आईने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "कंपनीच्या काळजीपोटी," ती म्हणाली. "देवा, हिला तूच परत आण."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लिफ्ट सुरू झाली. अर्ध्या दिवसात! एवढीच गोष्ट होती तर उन्हाळ्यापासून काय केलं? सगळं ऑफिस पोरांसारखं वर-खाली करत होतं. तक्रारी घेणाऱ्या दोघीजणी नुसतं माझी खोली बघायला येऊन गेल्या.

नकाशेवाले आले नाहीत. आता चाचणी संपली म्हणा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आजही नाही. नेहमीची वेळ झाली तशी मी दाराकडे पाहिलं. लिफ्टचा दरवाजा वाजला की पाहिलं. एकदा प्रिंटरची शाई घेऊन माणूस आला, एकदा मालकच आले, उगाच, लिफ्टची हौस म्हणून. म्हणाले, "काय, आज काही हरवलं नाही वाटतं कुणाचं?" आणि गालातल्या गालात हसत गेले.

चहा मागवला तो गार होईपर्यंत प्यायचा विसरले. खोली तीच, सर्व्हर तेच, घुंई घुंई तीच, पण मला करमलं नाही. लिहिलं खरं. आता खोडत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आई भाजी निवडत होती. मी समोर बसले होते.

"आई, समज, एखादा माणूस गुडघा दुखत असताना रोज पाच मजले चढतो. आणि लिफ्ट सुरू झाल्यावर येत नाही. असं का?"

"सगळ्यांसमोर हसले ना त्याला? आता कुठलं तोंड घेऊन येईल बिचारा?"

"चाचणी घेतली म्हणून कुणी हसतं का?"

आईने भाजी खाली ठेवली. माझ्याकडे नुसती बघत राहिली, अगदी बराच वेळ, लहानपणी मी गणित चुकले की बघायची तशी. या वेळी 'हं'सुद्धा नाही.

मग मी सगळं पुन्हा पहिल्यापासून आठवलं. टाळी. "पुन्हा काही हरवलं तर येऊ का?" झाडाचं फूल. रिकामी फाइल. आणि ज्या दिवशी मी परत आणू शकत नव्हते, नेमक्या त्याच दिवशी काही न हरवणं.

अगं बाई.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून तीनदा फोन उचलला आणि ठेवला. शेवटी नेहमीच्या वेळेला, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या वेळेला, खाली गेले. लिफ्ट दारातच उभी होती, रिकामी. मी जिन्याने गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवता यावं म्हणून. तळमजल्यावर पोचेपर्यंत काहीच ठरलं नव्हतं.

ते टेबलाशी पेन्सिलीला टोक करत होते, खाली कागद धरून. मला बघून उभेच राहिले. खिडकीत कुंडी होती, फोटोतली. फूल आता नव्हतं, पण एक कळी होती.

"मॅडम? काय झालं? काही बिघडलं का?"

"नाही. म्हणजे हो. ते लायसन्स आता माणसागणिक आहे ना, तर त्यात तुमचं नाव… तुमची माहिती नीट भरायची राहिलीय. विचारायची होती."

धडधडीत खोटं. त्यांचं नाव यादीत सगळ्यात आधी मीच भरलं होतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग जिन्याकडे पाहिलं, मग उघड्या लिफ्टकडे. कान लाल व्हायला लागले.

"एवढ्यासाठी खाली आलात?" म्हणाले. "फोन करायचा होता."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"फोनवर नीट सांगता येत नाही," मी म्हटलं.